डाउटफुल साउंडमधील रात्र आणि पैनगंगेचा काठ

विदर्भातील माणसाला समुद्र हा स्वभावतःच दूरचा विषय आहे; आणि ज्या यवतमाळ जिल्ह्याच्या सरहद्दी ईशान्येस वर्धेने व दक्षिणेस पैनगंगेने आखून दिल्या आहेत, त्या जिल्ह्यातील माणसाने बंदर, धक्का, भरती आणि ओहोटी हे शब्द बहुधा शाळेच्या भूगोलातूनच प्रथम ऐकलेले असतात. असे असले तरी अलीकडे वणी, पुसद, दारव्हा यांसारख्या गावांतील कुटुंबेही मुलाबाळांच्या निमित्ताने अथवा सहलीच्या कंपन्यांमार्फत परदेशी जाऊ लागली आहेत, आणि त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत फ्योर्डमधील नौकाविहार व नौकेवरील एका रात्रीचा मुक्काम ही बाब ठळक अक्षरांत छापलेली असते. उंच कड्यांमधून जमिनीत कित्येक कोस शिरलेला समुद्राचा अरुंद हात म्हणजे फ्योर्ड, एवढी ओळख त्या पत्रकावरून होते. परंतु त्या कड्यांना तो आकार कोणी दिला, तेथील पाणी इतके खोल का, आणि यवतमाळच्या माणसाने तो देखावा पाहताना आपल्या जिल्ह्याची आठवण का ठेवावी, हे त्यात कोठेच सांगितलेले नसते. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर इतके विलक्षण आहे की, केवळ त्याच्यासाठीच हा विषय विस्ताराने मांडावयास मी प्रवृत्त झालो आहे.

फ्योर्ड म्हटले की नॉर्वेचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. तेथील सोग्नेफ्योर्ड सुमारे २०५ किलोमीटर आत शिरलेला असून त्याची कमाल खोली १,३०० मीटरांच्या घरात आहे. गायरांगर व नॅरॉय या दोन फ्योर्डांना युनेस्कोने २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आणि त्या किनाऱ्यावर टपाल, माल व उतारू वाहून नेणारी नियमित आगबोट १८९३ सालापासून चालत आली आहे. परंतु तो प्रवास एका बंदराहून दुसऱ्या बंदरास जाण्याचा आहे. एकाच फ्योर्डात शिरून, तेथेच नांगर टाकून, रात्र काढून सकाळी परतणे हा प्रकार पाहावयाचा तर तो न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, नैर्ऋत्य कोपऱ्यातील फ्योर्डलँड नावाच्या मुलखात पाहावा. १९५२ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवलेला हा प्रदेश जवळजवळ निर्मनुष्य आहे. त्यातील मिलफर्ड साउंड अधिक प्रसिद्ध आहे खरा. पण रात्रीच्या मुक्कामासाठी माझी पसंती त्याच्या दक्षिणेकडील डाउटफुल साउंडला आहे, कारण तेथे जाण्याची वाटच फ्योर्डाचा अर्धा अर्थ उलगडून सांगते.

ही वाट मानापौरी नावाच्या सरोवरापासून सुरू होते. पूर्वेकडील गावातून यांत्रिक बोटीने हे सरोवर ओलांडून पश्चिम टोकास पोहोचावे लागते. त्या सुमारे तासाभरात प्रवासी सभोवारची रानाने झाकलेली शिखरे पाहत असतो; पण खरे नवल त्याच्या पायाखाली असते. सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीहून सुमारे १७८ मीटर उंच आहे आणि त्याची खोली आहे ४४४ मीटर. म्हणजेच त्याचा तळ समुद्राच्या पातळीहून अडीचशे मीटरांपेक्षाही अधिक खाली गेलेला आहे. कोणतीही नदी आपले पात्र ज्या समुद्राला मिळावयाचे त्याच्या पातळीखाली इतके खोल खणू शकत नाही. येथे खोदकाम करणारा कारागीर नदीहून वेगळा होता, याचा हा पहिला दाखला प्रवाशाला समुद्र दिसण्यापूर्वीच मिळतो.

सरोवराच्या पश्चिम टोकाशी डोंगराच्या पोटात एक जलविद्युत केंद्र आहे, आणि त्याची हकिकत महाराष्ट्राच्या वाचकाला विशेष परिचयाची वाटेल. या सरोवराचे पाणी निसर्गतः दक्षिणेकडे वाहत जावयाचे. ते अडवून, डोंगराखालील यंत्रांवर पाडून, सुमारे १० किलोमीटर लांबीच्या बोगद्याने पश्चिमेकडील फ्योर्डात सोडण्यात आले. आपल्याकडे कोयनेचे पूर्ववाहिनी पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळवून पोफळीच्या भूमिगत वीजघरावर पाडतात आणि तेच पुढे वाशिष्ठीच्या मार्गाने दाभोळच्या खाडीस मिळते, त्यात व यात तत्त्वतः काहीच भेद नाही. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली जलाशयाच्या तळास खालून भोक पाडण्याची जी क्रिया झाली, तिचे तंत्रही फ्योर्डांच्या देशात, म्हणजे नॉर्वेत परिणत झालेले होते. मानापौरीच्या बाबतीत मात्र सरोवराची पातळी वाढवून काठची वने बुडविण्याचा जो बेत होता, त्याविरुद्ध न्यूझीलंडच्या जनतेने १९७० साली २,६४,९०७ सह्यांचा अर्ज आपल्या पार्लमेंटपुढे ठेवला आणि अखेरीस सरोवर आपल्या नैसर्गिक पातळीवर राहिले. वीजही मिळाली, वनेही वाचली. धरणाच्या कामात हा योग दुर्मीळ आहे, आणि मी तो मोठ्या आदराने येथे नमूद करतो.

वीजघराची अवजड यंत्रे समुद्रमार्गाने आणून डोंगरापार नेण्यासाठी १९६० च्या दशकात विल्मॉट खिंडीतून सुमारे २२ किलोमीटरांचा एक रस्ता तयार करण्यात आला. देशातील अन्य कोणत्याही रस्त्याला तो जोडलेला नाही. एका टोकास सरोवर आणि दुसऱ्या टोकास फ्योर्ड. सुमारे ६७० मीटर उंचीची ती खिंड चढून बस उतरणीस लागली की, समोर दोन कड्यांच्या मधोमध निश्चल, काळसर पाण्याची एक पट्टी दिसू लागते. तो डाउटफुल साउंडचा आतील शेवट, डीप कोव्ह. येथेच मुक्कामाच्या नौका उभ्या असतात.

या जलमार्गाचे नाव ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक याने दिले. १७७० साली त्याचे जहाज मुखासमोर आले तेव्हा आत शिरावे अशी त्याच्या सोबत्यांची इच्छा होती. पण या किनाऱ्यावर पश्चिमेचा वारा प्रबळ असल्याने आत जाणे सोपे व शिडांच्या जोरावर बाहेर पडणे संशयास्पद, असा हिशेब करून कुकने आत जाण्याचे टाळले. १७९३ साली मालास्पिना याच्या नेतृत्वाखालील स्पॅनिश मोहिमेतील फेलिपे बाउसा या नकाशाकाराने लहान होडीतून आत जाऊन पहिली मोजणी केली. आजही तेथील एक जलपट्टा मालास्पिनाच्या व एक बेट बाउसाच्या नावाने ओळखले जाते. सुमारे ४० किलोमीटर लांबीच्या या फ्योर्डाला आडव्या शाखा फुटलेल्या आहेत, आणि त्याची कमाल खोली ४२० मीटरांच्या आसपास आहे.

नौका डीप कोव्ह सोडते त्या वेळी बहुधा दुपार असते. कड्यांची उंची प्रथम ध्यानात येत नाही, कारण तुलनेला घर, खांब, माणूस असे काहीच नसते. शेजारून दुसरी नौका गेली आणि ती कड्याच्या पायथ्याशी ठिपक्याएवढी दिसली की मगच दृष्टीचे माप जुळते. खडक कठीण, पट्टिताश्म व ग्रॅनाइट जातीचा. त्यावर माती जवळजवळ नाहीच. नौका कड्याला अगदी लागून जाते तेव्हा निरखून पाहावे: उभ्या दगडावर प्रथम शेवाळ, शेवाळात साठलेला ओलावा, त्या ओलाव्यात नेचे आणि झुडपे, आणि त्या झुडपांच्या आधाराने बीच जातीची मोठाली झाडे उभी आहेत, दगडात मूळ शिरावयास जागा नसल्यामुळे प्रत्येक झाडाने आपली मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंतवून ठेवली आहेत. मोठ्या पावसात वरचे एखादे झाड सुटले की त्याच्याबरोबर खालचे सारे रान ओढले जाते आणि शिखरापासून पाण्यापर्यंत खडकाची उघडी, फिकट पट्टी उरते. अशा पट्ट्या प्रत्येक कड्यावर दिसतात, काही ताज्या, काही शेवाळाने हिरवट होऊ लागलेल्या. त्यांवर पुन्हा वन उभे राहावयास शतक लोटते.

पावसाचे येथील मान यवतमाळच्या माणसाच्या कल्पनेत बसणे कठीण आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडला की साल बरे गेले असे आपण म्हणतो. मिलफर्ड साउंडची सरासरी ६,८०० मिलिमीटरांच्या आसपास आहे. म्हणून या मुलखात पावसाळी दिवस मिळाला तर प्रवाशाने खिन्न होऊ नये. कोरड्या दिवशी जेथे चार धबधबे दिसतात तेथे पावसात शेकडो दिसतात.

या पावसाचा एक परिणाम पाण्याच्या पृष्ठभागाखाली झालेला आहे, आणि तो मला कड्यांपेक्षाही अधिक अद्भुत वाटतो. रानातून झिरपून येणारे गोडे पाणी पालापाचोळ्यातील द्रव्यांमुळे चहासारखे तांबूस झालेले असते. ते खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्यात न मिसळता काही मीटर जाडीचा थर होऊन वर पसरते, आणि वीजघरातून सोडलेल्या पाण्याने डाउटफुल साउंडमध्ये या थराला अधिकच पुष्टी मिळाली आहे. गडद थरातून सूर्यप्रकाश फारसा खाली उतरत नाही. परिणामी, जे जीव अन्यत्र समुद्राच्या अंधाऱ्या खोलीत राहतात ते येथे वरच्या पाण्यातच सुखाने नांदतात. काळे प्रवाळ हे त्यांतील मुख्य: जिवंतपणी पांढरेशुभ्र दिसणारे, झाडासारखे फांद्यांनी वाढणारे आणि आतील सांगाडा मात्र काळा असलेले हे प्राणी पाणबुड्यांना येथे दहा-पंधरा मीटरांवरच भेटतात. हौशी उतारूला लहान होडीतून काठाशी नेतात तेव्हा त्याने ओंजळभर पाणी जिभेवर घेऊन पाहावे. तो समुद्रावर असूनही ते जवळजवळ गोडे लागेल.

सायंकाळ झाली की नौका एखाद्या आडशाखेत शिरते. रात्री थांबावयाचे तर नांगराला तळ लागला पाहिजे, आणि फ्योर्डात नेमकी तीच अडचण असते: कडा पाण्याबाहेर जितका उभा, तितकाच पाण्याखालीही उभा. काठापासून दोन नौका-लांबीवर शेकडो मीटर पाणी असले तर साखळी कोठवर सोडणार? म्हणून एखाद्या ओढ्याने गाळ आणून टाकल्यामुळे जेथे थोडे उथळ झाले आहे अशी जागा तांडेलाने हेरावी लागते. कुकने आपल्या दुसऱ्या सफरीत, १७७३ साली, दक्षिणेकडील डस्की साउंडमध्ये मुक्काम केला तेव्हा त्याचे जहाज काठाच्या इतके जवळ बांधले होते की पाण्यावर आडव्या झुकलेल्या एका झाडाचाच उतरण्याच्या फळीसारखा उपयोग झाला.

मग यंत्र बंद होते. कोठेही दिवा नाही, रस्ता नाही, वस्ती नाही. दूरच्या धबधब्यांचा अखंड आवाज तेवढा कानी येत राहतो. आकाश मोकळे असले तर कड्यांच्या मधल्या फटीतून दक्षिण गोलार्धाचे तारे दिसतात, आणि त्यांत आपल्या ओळखीचा त्रिशंकू असतो. यवतमाळहून वैशाखाच्या रात्री दक्षिण क्षितिजालगत जेमतेम डोके वर काढणारा हा तारकासमूह तेथे कधी मावळतच नाही. ध्रुवाभोवती तो रात्रभर फिरत राहतो. आपण पृथ्वीच्या गोलावरून किती खाली उतरून आलो आहोत हे कळण्यास याहून सुबोध साधन नाही.

पहाटे नौका हॉल आर्म या शाखेत नेतात आणि तेथे काही मिनिटे साऱ्या उतारूंना हालचाल न करता डेकवर उभे राहण्यास सांगण्याची वहिवाट आहे. डॉल्फिनांचा एक लहानसा कळप या फ्योर्डात कायमचा वस्तीला आहे. तो बहुधा दिसतो. किनाऱ्याजवळ गेल्यास बारीक चावऱ्या माशा मात्र छळ मांडतात. माओरी लोकांच्या परंपरेनुसार तू-ते-राकी-व्हानोआ या दिव्य शिल्पकाराने आपल्या वाकसाने दक्षिणेकडून उत्तरेकडे हे जलमार्ग तासले. आरंभीचे दक्षिणेकडील हात नवखे व खडबडीत राहिले, आणि हात बसल्यावर अखेरीस मिलफर्ड साउंड पूर्णत्वास गेला. ते सौंदर्य पाहून माणसे येथेच राहून जातील या शंकेने मृत्युदेवतेने त्या माशा सोडल्या. भूशास्त्रज्ञांना मान्य असलेली गोष्ट या कथेत आहे: हे मार्ग भूकंपाने फाटलेले नाहीत वा नदीने झिजवलेले नाहीत, ते तासलेले आहेत.

तासणारे हत्यार म्हणजे हिम. उंच डोंगरावर वर्षानुवर्षे बर्फ साचत गेले की खालचे थर दाबाने घट्ट होऊन त्यांचे निळसर, घन हिम बनते; आणि त्याची जाडी पुरेशी झाली की ते घन असूनही स्वतःच्या भाराने उताराकडे सरकू लागते. हीच हिमनदी. नुसते हिम खडकापेक्षा पुष्कळच मऊ असते. ते एकटे खडकाला फारशी इजा करू शकणार नाही. परंतु तळाशी वितळलेले पाणी खडकाच्या भेगांत शिरून गोठते, भेगा रुंदावते, आणि सुटलेले दगड हिमनदी आपल्या तळात धरून पुढे नेते. मग तळात जडवलेल्या त्या दगडांवर शेकडो मीटर जाडीच्या हिमाचा भार पडून ती खालच्या खडकावरून कानशीसारखी फिरते. बारीक रेतीने खडकाला झिलई चढते, मोठ्या दगडांनी त्यावर समांतर चरे पडतात, आणि ओल्या पिठासारखे दगडाचे चूर्ण वितळलेल्या पाण्याबरोबर बाहेर जाते. नदी अरुंद तळ खणते आणि तिची दरी वर रुंद, खाली निमुळती होते. हिमनदी साऱ्या दरीभर भरून वाहत असल्याने ती बाजूही कापते, आणि तिने सोडलेली दरी तळाशी सपाट व कडांना उभी असते. मुख्य हिमनदी जाड, तिला मिळणाऱ्या उपशाखा पातळ. म्हणून मुख्य दरी खोल गेली आणि उपदऱ्या वरच लोंबत राहिल्या. फ्योर्डातील बहुतेक मोठे धबधबे या लोंबत्या दऱ्यांच्या तोंडातूनच कोसळतात.

खोलीचे कोडेही येथेच सुटते. हिमनदीला समुद्रपातळीचे बंधन नाही; जोवर हिम तरंगू लागत नाही तोवर ती समुद्राखालीही खणत जाते, आणि मानापौरीचा तळ याच न्यायाने समुद्राखाली गेला. मात्र मुखाशी पोहोचेपर्यंत हिम पातळ होते, पसरते, वितळते. त्याची खणण्याची शक्ती संपते आणि वाहून आणलेला दगडगोटा, म्हणजे हिमोढ, तेथेच टाकला जातो. म्हणून जवळजवळ प्रत्येक फ्योर्ड आत खोल व मुखाशी उथळ असतो. मिलफर्ड साउंडची खोली आत २९० मीटरांच्या आसपास आहे, मुखाशी मात्र त्याच्या चौथाईएवढीच. हा उंबरठा म्हणजे एक बुडालेला बांधच होय, आणि त्याच्यामुळे बाहेरच्या महासागराचे खोल पाणी आत सहज शिरत नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगाचा कडाका परमावधीस होता तेव्हा जगभरचे इतके पाणी हिमरूपाने जमिनीवर अडकले होते की समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे हिम वितळले, समुद्र चढला आणि रिकाम्या झालेल्या दऱ्या त्याने भरल्या.

त्याच चढत्या समुद्राने आपल्या कोकणातील नद्यांची मुखेही बुडविली. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग येथील खाड्या या अर्थाने फ्योर्डाच्या सोयऱ्या आहेत. बुडण्याची कथा दोघांची एकच, खोदणारा मात्र वेगळा. कोकणातील दऱ्या नद्यांनी कोरल्या, त्यांवर हिमनदी कधी फिरली नाही. त्यामुळे खाडी उथळ, गाळाने भरलेली आणि मुखाशी वाळूचा दांडा असलेली अशी राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटून रात्रभर किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटीने ज्यांनी प्रवास केला त्यांना आठवत असेल की, अनेक बंदरांत बोट बाहेरच थांबे आणि उतारूंना पडावात उतरून काठ गाठावा लागे. फ्योर्डात मात्र मोठी जहाजे थेट आतल्या टोकापर्यंत जाऊ शकतात. या एका फरकात नदी आणि हिमनदी यांचा सारा भेद सामावलेला आहे.

आता मी पैनगंगेकडे येतो. वणी तालुक्याच्या दक्षिणेने वाहत जाऊन ही नदी वर्धेस मिळते. संगमाच्या वरच्या अंगास, पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात, तिच्या काठी इरई नावाचे गाव आहे. चंद्रपूर शहराजवळून वाहणाऱ्या इरई नदीशी त्याचा घोटाळा करू नये. या परिसरात दोन्ही काठांना अतिप्राचीन चुनखडीचे थर आहेत, ज्यांवर राजूरच्या चुनाभट्ट्या व अलीकडील सिमेंटचे कारखाने उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, यवतमाळ जिल्हा सरकारी दप्तरांत अद्याप वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असताना, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे फ्रान्सिस फेडन हे अधिकारी कोळशाच्या शोधार्थ चाललेल्या मोजणीत या काठावर आले. त्यांना तेथे लहानमोठ्या गोट्यांनी भरलेला, मातकट, स्तर नसलेला एक खडक दिसला. त्यातील कित्येक गोटे एका अंगाने घासून सपाट झालेले व चरे पडलेले होते. त्याच्याखालची चुनखडी जेथे उघडी पडली होती तेथे तिचा पृष्ठभाग गुळगुळीत झालेला असून त्यावर लांब, सरळ, एकमेकांस समांतर असे चर खोदलेले होते. फेडन यांनी हा वृत्तांत १८७५ साली खात्याच्या अहवालमालेत प्रसिद्ध केला, आणि त्याचा आशय स्पष्ट होता: जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्या भूमीवरून एके काळी हिम सरकत गेले होते.

या निष्कर्षाचे धैर्य ध्यानी घेतले पाहिजे. युरोपावर हिमयुग येऊन गेले हे मत स्वित्झर्लंडच्या लुई अगासी यांनी ग्रंथरूपाने मांडले ते १८४० साली, आणि त्यावर युरोपातच दीर्घकाळ वाद चालला. अशा काळात ओरिसातील तालचेर येथील कोळसाक्षेत्रात, बारीक चिखलात रुतलेले मोठाले गोटे पाहून, हे हिमाशिवाय येथे येऊ शकत नाहीत असे ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड यांनी १८५६ साली प्रतिपादिले. त्या थराला तालचेरचे नाव मिळाले. शंकेखोरांचे म्हणणे असे की, गोटे पाण्यावर तरंगत्या हिमखंडांनी आणून टाकले असतील. इरईच्या चुनखडीने मात्र भूमीवरच टेकून सरकलेल्या हिमाची साक्ष दिली, कारण चरे वरच्या गोट्यांवर होते तसेच खालच्या मूळ पाषाणावरही होते.

उष्ण कटिबंधात हिम आले कसे, याचा उलगडा पुढे चाळीस-एक वर्षांनी झाला. त्याच जातीचे हिमाचे अवशेष दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका येथेही सापडले होते. हे सारे भूखंड एके काळी दक्षिण ध्रुवाच्या परिसरात एकत्र होते आणि पुढे विलग होऊन सरकले, असे जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली मांडले, आणि या हिमाच्या खुणा हा त्यांच्या पुराव्यातील एक बळकट दुवा होता. त्या संयुक्त भूखंडाला जे नाव मिळाले आहे, ते गोंडवन, म्हणजे केळापूर, झरी-जामणी येथपासून चांद्यापर्यंत ज्या गोंडांची वस्ती आहे त्यांच्याच नावावरून आलेले आहे. न्यूझीलंडही त्याच भूखंडाच्या कडेवर होते. तेथील नौकेवरचा मार्गदर्शक कड्यावरच्या बीच वृक्षांची प्राचीनता सांगताना गोंडवनाचे नाव घेतो, तेव्हा जगाच्या त्या टोकाला आपल्याच जिल्ह्याच्या रहिवाशांचे नाव उच्चारले जात असते. हे त्या मार्गदर्शकाला बहुधा ठाऊक नसते, आपल्याला मात्र ठाऊक असले पाहिजे.

फ्योर्डलँडचे हिम सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचे, पैनगंगेचे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे. ते ओसरल्यावर त्याच भूमीवर दलदली झाल्या, ग्लॉसोप्टेरिस जातीची झाडे वाढली, आणि त्यांच्या संचयाचा कोळसा झाला. उकणी, निलजई, कोलारपिंपरी येथील खाणींतून आज निघतो तो हाच. वणीच्या कोळशाच्या थराखाली हिमाने आणलेल्या गोट्यांचा थर असणे ही या क्रमाची सरळ परिणती आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील काळा पाषाण त्याहून कितीतरी नंतरचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याने जुन्या भूमीचा मोठा भाग झाकून टाकला आणि पूर्वेची किनार तेवढी उघडी राहिली.

मला तळमळ लागते ती या उघड्या राहिलेल्या तुकड्याची. मिलफर्डच्या कड्यांना राष्ट्रीय उद्यानाचा बंदोबस्त आहे. इरईची चुनखडी ज्या पट्ट्यात आहे, त्याच पट्ट्यात सिमेंटसाठी सुरुंग लागतात, आणि झिलई चढलेल्या खडकाची एखादी फरशी फुटून ट्रकमध्ये भरली गेली तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. यवतमाळ व चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने येथील खडकांची नोंद महसुली नकाशावर करून घ्यावी, आणि वणीच्या शाळा-महाविद्यालयांनी आपल्या भूगोलाच्या सहली लांबच्या धबधब्यांऐवजी एकदा तरी या काठावर आणाव्यात.

ज्यांना स्वतः पाहावयाचे असेल त्यांनी दिवाळीनंतर, पुराचे पाणी उतरून काठ मोकळा झाल्यावर जावे. भर दुपारी खडक कोरा दिसेल. सकाळच्या किंवा उतरत्या तिरप्या उन्हात प्रत्येक चराच्या एका कडेला सावली पडते आणि मग चर स्पष्ट उठून दिसतात. पाण्याने झिजवलेल्या खळग्यांशी त्यांची गल्लत होऊ नये म्हणून तळवा फिरवून पाहावा: पाण्याचा खळगा गोलसर व वाकडातिकडा असतो, हिमाचा चर सरळ असतो आणि शेजारच्या चराशी समांतर राहतो. हातोडी अजिबात चालवू नये. होकायंत्र मात्र न्यावे आणि चरांची दिशा वहीत टिपून घ्यावी. चर आपल्याला हिमाच्या वाटेची रेषा सांगतो, पण त्या रेषेवर हिम कोणत्या टोकाकडून आले हे एकट्या चरावरून ठरत नाही. त्यासाठी खडकाचे कोणते अंग घासून गोलावले आहे आणि कोणते तुटून खडबडीत राहिले आहे हे पाहावे लागते, आणि वरच्या थरातील गोटे ज्या खडकांचे आहेत ते खडक मूळ कोणत्या दिशेला सापडतात याचा माग काढावा लागतो.